बिस्मार्कचा पांढरा कोट

माझी भाची यंदा दहावीत आहे, सीबीएसईला. तिच्या इतिहासाच्या पुस्तकात युरोपातल्या राष्ट्रवादाचा धडा आहे आणि जर्मनीच्या एकीकरणापाशी एक चित्र छापलंय. व्हर्सायच्या राजवाड्यातला आरसेमहाल, चौथऱ्यावर उभा पांढऱ्या कल्ल्यांचा म्हातारा राजा, समोर हात उंचावून जयजयकार करणारे लष्करी अधिकारी, आणि त्या सगळ्या काळ्यानिळ्या गर्दीत मधोमध पांढऱ्याशुभ्र कोटातला एक धिप्पाड माणूस. तो बिस्मार्क. चित्रकार आंतोन फॉन वेर्नर. चित्राखालच्या मजकुरात रोन नावाच्या सेनानीचाही उल्लेख आहे.

भाचीनं विचारलं, "मामा, हा फोटो नाही ना? मग कोण कुठे उभं होतं हे त्याला कसं कळलं?"

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, कारण चित्रकार स्वतः तिथे हजर होता. ती समाधानानं पुढच्या धड्याकडे वळली. मला मात्र ते उत्तर टोचत राहिलं, कारण ते खरं असलं तरी अर्धंच होतं. वेर्नर तिथे होता, पण त्या दिवशी बिस्मार्कनं पांढरा कोट घातलाच नव्हता. तो निळ्या गणवेशात होता. चित्रात त्याच्या गळ्यापाशी जे मानाचं पदक दिसतं, ते त्याला मिळायला अजून तेरा वर्षं होती. आणि रोन? रोन आजारी होता. तो त्या दिवशी आरसेमहालात आलाच नाही.

म्हणजे ज्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं, त्यानंच हे असं रंगवलं. का, ते समजून घ्यायचं तर या माणसाची सगळी गोष्टच सांगायला हवी.

आधी थोडं जर्मनीबद्दल

आज ज्याला आपण जर्मनी म्हणतो तिथे १८१५ नंतर ३९ राज्यांचा एक सैलसर संघ होता. कुठे राजा, कुठे ड्यूक, कुठे हांबुर्गसारखं स्वतंत्र व्यापारी शहर. भाषा साधारण एक, पण नाणी, कायदे, सैन्य ज्याचं त्याचं. या घरात थोरले दोघे, ऑस्ट्रिया आणि प्रशिया, आणि थोरलेपण कुणाचं यावरून दोघांत कायम धुसफूस. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क यानं हा वाद तीन युद्धांत निकालात काढला. १८६४ मध्ये डेन्मार्क, १८६६ मध्ये खुद्द ऑस्ट्रिया, आणि १८७० मध्ये फ्रान्स. तिसऱ्या युद्धात बव्हेरिया, बाडेनसारखी दक्षिणेची राज्यंही प्रशियाच्या बाजूनं उतरली. सप्टेंबरच्या सुरुवातीला सेदानच्या लढाईत फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन कैद झाला, त्याच महिन्यात पॅरिसला वेढा पडला, आणि जर्मन फौजांचं मुख्य ठाणं शहराबाहेर व्हर्सायला लागलं.

वेढा चालू असतानाच बिस्मार्कनं एकेका राज्याशी करार करून नवं साम्राज्य कागदावर जुळवून घेतलं. कायद्यानं पाहिलं तर ते १ जानेवारी १८७१ लाच अस्तित्वात आलं होतं. १८ जानेवारीला झाला तो फक्त जाहीर सोहळा. तारीख मुद्दाम निवडलेली, कारण १७०१ साली याच दिवशी प्रशियाच्या पहिल्या राजाचा राज्याभिषेक झाला होता. जागाही तशीच सूचक. चौदाव्या लुईनं स्वतःचा थाट मिरवायला बांधलेलं ७३ मीटर लांबीचं दालन, ज्याच्या छतावर त्याच्याच पराक्रमाची चित्रं. राजवाड्यात तेव्हा जखमी जर्मन सैनिकांचं इस्पितळ चालू होतं.

आणि एवढं सगळं ठरूनही आदल्या दिवशी भांडण पेटलं, ते पदवीवरून. प्रशियाचा राजा विल्हेल्म म्हणत होता, मला व्हायचंच असेल तर 'जर्मनीचा कैसर', म्हणजे सम्राट, होईन. बिस्मार्क म्हणत होता, नाही, 'जर्मन कैसर'. आपल्याला वाटेल, यात काय एवढं? हाउसिंग सोसायटीचा चेअरमन आणि सोसायटीचा मालक यांत जो फरक, तोच इथे. 'जर्मनीचा' म्हटलं की बव्हेरियाच्या राजाची जमीनही माझी असा अर्थ निघतो, आणि ते बाकीच्या राजांना कदापि चाललं नसतं. जयजयकाराचा मान बाडेनच्या ग्रँड ड्यूकचा होता. त्यानं वेळ निभावून नेली. त्यानं नुसतं 'कैसर विल्हेल्म' असं म्हणून जयजयकार केला, दोन्ही पदव्या टाळून.

राजाचा राग गेला नाही. सोहळा संपल्यावर तो चौथऱ्यावरून उतरला आणि समोर उभ्या असलेल्या बिस्मार्ककडे न पाहता मागच्या सेनापतींशी हस्तांदोलन करायला निघून गेला. बिस्मार्कनं पुढे आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. युवराज फ्रेडरिक विल्हेल्म यानं रोजनिशीत नोंदलंय की बिस्मार्क घुश्श्यातच पुढे आला आणि जाहीरनामा त्यानं कामकाजाचा कागद वाचावा तसा कोरडेपणानं वाचला. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग तर आलाच नव्हता.

असा तो सोहळा. आता या प्रसंगाचं चित्र काढायचं होतं.

सुताराचा मुलगा

आंतोन फॉन वेर्नरचा जन्म ९ मे १८४३ चा, फ्रांकफुर्टचा. विमानतळ आणि बँकांचं फ्रांकफुर्ट नव्हे, पूर्वेकडचं ओडर नदीकाठचं. नावातलं 'फॉन' खानदानीपणाची खूण, पण ते खानदान केव्हाच उतरणीला लागलं होतं. बाप सुतारकाम करायचा. मुलगा चौदाव्या वर्षी घरांच्या भिंती आणि छतं रंगवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लागला. तिथून बर्लिनची अकादमी, मग कार्ल्सरूहची कलाशाळा. कार्ल्सरूहला त्याला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे कवी शेफेलची दोस्ती. शेफेलची पुस्तकं तेव्हा घरोघरी वाचली जात, त्यांतली चित्रं वेर्नरनं काढली आणि त्याचं नाव झालं. दुसरी म्हणजे बायको. चित्रकार श्रोएटर हे त्याचे गुरू, त्यांची मुलगी माल्विना. मधल्या काळात पॅरिस पाहून झालं, इटली पाहून झाली.

युद्ध सुरू झालं तेव्हा तो २७ वर्षांचा होता. सैनिक म्हणून नव्हे, तर एका कामगिरीवर तो व्हर्सायला पोचला. श्लेस्विग-होल्स्टाइनच्या कलासंस्थेला सेनापती मोल्टकेचं पॅरिससमोरचं चित्र हवं होतं. काही आठवडे तो तिथे राहिला, घोडे, शिरस्त्राणं, चेहरे, चिखल, सगळं वहीत उतरवून घेतलं, युवराजांशी ओळख झाली, आणि तो घरी परतला.

१८७१ च्या जानेवारीच्या मध्यावर कार्ल्सरूहला तार आली. युवराजांच्या दरबारी अधिकाऱ्याची. मजकूर साधारण असा, की १८ तारखेच्या आत पोचू शकलात तर तुमच्या कुंचल्याला साजेसं काहीतरी इथे पाहायला मिळेल. काय ते लिहिलेलं नाही. वेर्नर निघाला. ऐन हिवाळा, युद्धाचा मुलूख. तो व्हर्सायला पोचला तोच १८ च्या सकाळी, आणि पोचल्या पोचल्या त्याला राजवाड्यात पाठवण्यात आलं.

शेकडो गणवेशांच्या त्या गर्दीत वही-पेन्सिल घेतलेला हा एक मुलकी माणूस. त्याला जे पाहायला मिळालं त्याचं वर्णन त्यानं नंतर आठवणींत केलंय. त्याचा सूर असा, की इतिहासातली ती एवढी मोठी घटना अगदी बिनदिखाऊ पद्धतीनं आणि फार थोडक्यात उरकली. तेवढ्या वेळात त्यानं जमेल ते टिपलं. कोण कुठे उभं आहे, कुणाचा हात वर आहे, खिडक्यांतून उजेड कसा येतोय.

फोटो काढायला कुणी नव्हतं का, असं कुणी विचारेल. कॅमेरे होते. पण हिवाळ्याच्या दिवशी, दालनाच्या आत, हलती गर्दी टिपणं त्या काळच्या कॅमेऱ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. सोहळ्याचा एकही फोटो नाही. त्यामुळे पुढच्या पिढ्यांना तो दिवस दिसणार तो वेर्नरच्याच डोळ्यांनी.

पहिलं चित्र, दुसरं चित्र, तिसरं चित्र

ऐतिहासिक चित्र कसं तयार होतं, हे बाहेरून वाटतं त्यापेक्षा फार वेगळं असतं. चित्रकार प्रेरणा येऊन रात्रीत कॅनव्हास रंगवत नाही. हे काम लग्नाच्या पंगतीच्या मांडणीसारखं असतं. कोण पहिल्या रांगेत, कोण खांबामागे, कुणाला वगळलं तर कायमचा राग धरेल. आधी हजर असलेल्यांची यादी. मग एकेकाला गाठून त्याच्या चेहऱ्याचा अभ्यास. मग गणवेश. कोणत्या पलटणीचं बटण कोणत्या धातूचं, कुणाच्या छातीवर कोणतं पदक कितव्या जागी. यात वेर्नरचा हात धरणारा कुणी नव्हता. लष्करी माणूस चित्रासमोर उभा राहिला की पहिल्यांदा बटणं मोजतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पहिलं चित्र १८७७ मध्ये पुरं झालं. बाडेनच्या ग्रँड ड्यूकच्या पुढाकारानं जर्मन राजेरजवाड्यांनी ते विल्हेल्मला ८० व्या वाढदिवसाची भेट म्हणून दिलं. ४ मीटरहून जास्त उंच आणि ७ मीटरहून जास्त रुंद. आपल्याकडच्या मध्यम फ्लॅटच्या हॉलची एक अख्खी भिंत घेतली तरी ते तिच्यात मावायचं नाही. ते बर्लिनच्या राजवाड्यात लागलं. या चित्रात कैसर डाव्या अंगाला चौथऱ्यावर, बराचसा दूर. बाकी सगळी जागा अधिकाऱ्यांच्या गर्दीची. बिस्मार्क आहे, निळ्या गणवेशात आहे, हातात कागद आहे, पण तो गर्दीतला एक महत्त्वाचा माणूस आहे, एवढंच. मानकरी राजे आणि फौज. साहजिकच, पैसे राजांचे होते.

दुसरं १८८२ चं. बर्लिनमधल्या जुन्या शस्त्रागाराचं प्रशियाच्या फौजेच्या कीर्तिमंदिरात रूपांतर चाललं होतं, तिथल्या भिंतीसाठी हे काढलं. त्याच दालनासाठी वेर्नरनं १७०१ च्या राज्याभिषेकाचंही चित्र रंगवलं, म्हणजे त्या १८ जानेवारीपासून या १८ जानेवारीपर्यंतची रेघ पाहणाऱ्याला आपोआप दिसावी. या वेळी दृश्य जवळ आलं. गर्दी विरळ झाली, बिस्मार्क आणि मोल्टके पुढे सरकले. अकरा वर्षांत लोकांच्या मनात त्या दिवसाचा नायक बदलला होता, आणि चित्रातही तो बदलला.

तिसरं १८८५ चं. १ एप्रिलला बिस्मार्क ७० वर्षांचा झाला, तेव्हा कैसरच्या घराण्याकडून त्याला द्यायची ही भेट. आकारानं हे सगळ्यात लहान, १६७ सेंटीमीटर उंच आणि २०२ सेंटीमीटर रुंद, म्हणजे घरात लावण्याजोगं. भाचीच्या पुस्तकातलं ते हेच. इथे दालन जवळजवळ नाहीसंच झालंय. चौथऱ्याच्या पायऱ्या, वर कैसर, शेजारी युवराज, हात उंचावलेला ग्रँड ड्यूक, आणि खाली, ज्याच्यावरून नजर हलतच नाही असा, पांढऱ्या कोटातला बिस्मार्क. सगळ्या चित्रात तो कोट दिव्यासारखा पेटलेला आहे. त्या पांढऱ्यावर १८८४ मध्ये मिळालेलं पदक. जवळच रोन. हा प्रशियाचा युद्धमंत्री, फौजेची नवी घडी बसवणारा माणूस. तो सोहळ्याला नव्हता, आणि चित्र रंगत होतं तेव्हा त्याला वारून सहा वर्षं झाली होती. पण मोल्टके, रोन आणि बिस्मार्क या तिघांनी मिळून साम्राज्य उभं केलं अशी म्हाताऱ्या कैसरची भावना होती, आणि त्याच्याच इच्छेनं रोन चित्रात आला.

मला यात एक गोष्ट हळवी वाटते आणि एक मिस्कील. हळवी अशी, की १८७१ मध्ये ज्याच्याशी हस्तांदोलनही न करता विल्हेल्म पुढे निघून गेला, त्याला चौदा वर्षांनी त्यानं त्याच प्रसंगाचं असं चित्र दिलं, जिथे तोच मध्यभागी आहे. एक प्रकारे राहून गेलेलं हस्तांदोलनच ते. मिस्कील अशी, की बटणं मोजणाऱ्या चित्रकारानं एवढी मोठी चूक नकळत केली असेल हे अशक्यच. कोट निळा होता हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पहिल्या चित्रात तसंच रंगवलंही होतं.

हे खोटं म्हणायचं का? तेव्हाच्या माणसाला बहुधा तसं वाटलं नसतं. ऐतिहासिक चित्राकडून त्या क्षणाचा पुरावा मागितला जात नसे, त्या घटनेचा अर्थ मागितला जाई. घरातल्या ग्रुप फोटोत वारलेल्या आजोबांचा फोटो चिकटवून घेणाऱ्या स्टुडिओवाल्याला आपण लबाड म्हणत नाही. फक्त तो फोटो पुढे कुणी 'या लग्नाला आजोबा हजर होते' याचा दाखला म्हणून वापरू लागलं, की घोटाळा होतो. वेर्नरच्या चित्राचं नेमकं तेच झालं. इतकी काटेकोर रंगवलेली बटणं पाहून सगळ्यांनी बाकीचंही तितकंच काटेकोर असेल असं धरून चाललं.

आणि यात नशिबाचाही भाग आहे. राजवाड्यातलं पहिलं चित्र आणि शस्त्रागारातलं दुसरं, दोन्ही दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली. आता त्यांची छायाचित्रं आणि छापील प्रतीच आहेत. हांबुर्गजवळच्या फ्रीड्रिक्सरूह इथला बिस्मार्कचा वाडाही १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात पडला, पण चित्र वाचलं. आज ते तिथल्याच बिस्मार्क संग्रहालयात आहे. म्हणजे घटनेपासून सगळ्यात लांब गेलेलं चित्र मागे राहिलं, आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तेच गेलं.

चिखलाचे बूट

एवढं वाचून वेर्नर म्हणजे दरबारी हुजऱ्या, असं मत झालं असेल तर थोडं थांबा. बर्लिनच्या जुन्या राष्ट्रीय चित्रदालनात त्याचं १८९४ चं एक चित्र आहे. पॅरिसबाहेरच्या ब्रुनोआ इथल्या एका फ्रेंच हवेलीतला दिवाणखाना, ऑक्टोबर १८७० मधली संध्याकाळ. प्रत्यक्षात युद्ध चालू असताना काढलेल्या रेखाटनावरून ते चोवीस वर्षांनी रंगवलंय.

त्यात लढाई नाही. सोनेरी नक्षीच्या भिंती, नाजूक खुर्च्या, आणि त्यांत ऐसपैस पसरलेले जर्मन सैनिक. बूट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, आणि तो चिखल त्या उंची जमिनीवर. एक जण शेकोटी पेटवतोय. दुसरा पियानो वाजवतोय आणि त्याचा साथीदार उभा राहून गातोय. गाणं शूबर्ट या संगीतकाराचं, समुद्रावरचं, उदास. दाराशी हवेली सांभाळणारी फ्रेंच बाई आणि तिची लहान मुलगी ऐकत उभ्या आहेत.

तेव्हाच्या जर्मन प्रेक्षकाला हे चित्र फार आवडलं. आमचे शिपाई बघा, शत्रूच्या घरातही शूबर्ट गातात! छापील प्रती घरोघरी लागल्या. पण मला ते बूट विसरता येत नाहीत. दुसऱ्याच्या घरात चिखलाच्या बुटांनी बसलेला माणूस कितीही गोड गायला तरी ज्याचं घर आहे त्याला काय वाटत असेल? वेर्नरला हे म्हणायचं होतं की नाही कोण जाणे. पण दाराशी ती बाई उभी केली ती त्यानंच, आणि बुटांवरचा चिखलही त्यानं पुसला नाही.

याच काळात हरलेल्या बाजूलाही चित्रकार होते. फ्रान्समध्ये देताय आणि द नव्हील हे दोघं याच युद्धाची चित्रं रंगवत होते, आणि ती पाहायला लोकांची झुंबड उडायची. द नव्हीलच्या १८७३ च्या एका प्रसिद्ध चित्रात सेदानजवळच्या एका घरात अडकलेले सैनिक शेवटच्या गोळ्या झाडताहेत. चित्र म्हणून पाहिलं तर फ्रेंचांची बाजू जास्त थरारक, हे मान्य करावं लागतं. हरणाऱ्याकडे शेवटची गोळी असते. जिंकणाऱ्याकडे रांगेत उभं राहून घेतलेले सत्कार असतात, आणि सत्कार रंगवणं हे भलतंच कठीण काम आहे. १८७८ च्या बर्लिन परिषदेचं वेर्नरचं भलंमोठं चित्र आजही बर्लिनच्या लाल विटांच्या नगरभवनात आहे. त्यात बिस्मार्क रशियाच्या प्रतिनिधीशी हात मिळवतोय, भोवती युरोपभरचे मुत्सद्दी. एकेक चेहरा हुबेहूब. तरी पाच मिनिटांत कंटाळा येतो.

सिनेमाच्या आधीचा सिनेमा

कंटाळा न येणारं काम त्यानं १८८३ मध्ये केलं, पण ते आज पाहायची सोय नाही. सेदानच्या लढाईचा पॅनोरमा.

पॅनोरमा म्हणजे मोबाईलवर आपण हात फिरवून काढतो तो फोटो नव्हे, पण शब्द तिथूनच आला. त्यासाठी एक गोल इमारत बांधायची. आतल्या गोल भिंतीला एकच अखंड कॅनव्हास लावायचा, सुरुवात आणि शेवट जोडलेला. प्रेक्षकानं तिकीट काढायचं, अंधाऱ्या बोळातून जायचं, म्हणजे डोळे बाहेरचा उजेड विसरतात, आणि जिना चढून मधल्या मंचावर यायचं. डोक्यावर छत्रीसारखं छत, त्यामुळे चित्राची वरची कड दिसत नाही. उजेड वरून येतो पण कुठून ते कळत नाही. मंच आणि कॅनव्हास यांच्या मधल्या जागेत खरी माती, खरं गवत, मोडकं चाक, टाकलेलं दप्तर. खरी माती कुठे संपली आणि रंगवलेली कुठे सुरू झाली हे डोळ्याला सापडत नाही. जिकडे वळाल तिकडे लढाई.

बर्लिनच्या अलेक्झांडरप्लात्झपाशी उभा राहिलेला हा कॅनव्हास ११५ मीटर लांब आणि १५ मीटर उंच होता, म्हणजे जवळपास पाच मजली इमारतीच्या उंचीचा. प्रेक्षकांचा मंच हळूहळू फिरायचा, त्यामुळे जागचं न हलता सगळं रणांगण डोळ्यांसमोरून सरकायचं. एका माणसाचं हे काम नव्हे. वेर्नर मुख्य, निसर्गदृश्याची जबाबदारी ओयगेन ब्राख्तची, हाताखाली चित्रकारांची तुकडी. आधी सगळे सेदानला जाऊन टेकड्या, झाडं, रस्ते जागेवर पाहून आले. क्षण निवडला तो १ सप्टेंबर १८७० च्या दुपारचा, फ्लोआँ गावाजवळ फ्रेंच घोडदळानं घातलेल्या शेवटच्या निकराच्या धावेचा. बरोबर त्याच तारखेला, तेरा वर्षांनी, खुद्द कैसरच्या हजेरीत पॅनोरमा खुला झाला. लढाईत असलेले म्हातारे शिपाई येऊन नातवंडांना बोटानं जागा दाखवायचे, असं चित्र सहज डोळ्यांपुढे येतं.

वीस वर्षांनी लोकांची हौस फिटली. हलती चित्रं आली होती. १९०४ मध्ये पॅनोरमा बंद पडला.

मुंकचा एक आठवडा

आता या माणसाची जी बाजू कलेच्या इतिहासात त्याला सगळ्यात महाग पडली, ती. १८७५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तो बर्लिनच्या शाही कलाविद्यालयाचा संचालक झाला आणि मरेपर्यंत त्या खुर्चीत राहिला. चाळीस वर्षं. कुणाला प्रवेश, कुणाला पदक, कुणाचं चित्र परदेशी प्रदर्शनात, सगळ्यावर त्याचं वजन. पुढे कैसर झालेल्या दुसऱ्या विल्हेल्मला तरुणपणी चित्रकलेचे धडेही त्यानंच दिले होते. सुताराच्या मुलानं कष्टानं मिळवलेली जागा होती ती, आणि त्यानं ती तशीच घट्ट धरून ठेवली. त्याच्या कारकिर्दीत मुलींना त्या विद्यालयात प्रवेश नव्हता. दारं उघडली ती थेट १९१९ मध्ये.

१८९२ मध्ये बर्लिनच्या कलाकार संघानं एका नॉर्वेजियन तरुणाला प्रदर्शन भरवायला बोलावलं. नाव एडवर्ड मुंक, वय २८. त्याचं काम नेमकं कसं आहे हे बोलावणाऱ्यांतल्या अनेकांनी पाहिलंही नसावं. ५ नोव्हेंबरला प्रदर्शन उघडलं आणि संघाच्या जुन्या मंडळींच्या अंगाची लाही झाली. ही काय चित्रं? रंग ओघळलेले, चेहऱ्यांना नाकडोळे पुरते नाहीत, अर्धवट सोडलेलं सगळं. ज्या माणसानं एकेका पलटणीचं बटण अभ्यासून रंगवलं त्याला मुंक म्हणजे कलेचा अपमान वाटला यात नवल नाही. वेर्नर संघाचा अध्यक्ष. मतदान झालं, १२० विरुद्ध १०५. आठवड्याभरात प्रदर्शन बंद.

मुंक खूश झाला. एवढी जाहिरात त्याला पैसे देऊनही मिळाली नसती. तीच चित्रं दुसऱ्या शहरांत फिरली, परत बर्लिनला आली, आणि तो काही वर्षं बर्लिनमध्येच रमला. संघात मात्र जी भेग पडली ती बुजली नाही. १८९८ मध्ये माक्स लीबरमानच्या नेतृत्वाखाली नव्या वळणाच्या चित्रकारांनी वेगळी चूल मांडली. पुढच्या शतकाचा कल त्यांच्याकडे होता. वेर्नरचं नाव हळूहळू 'जुन्या राजवटीचा चित्रकार' एवढ्यापुरतं उरलं, आणि बराच काळ त्याच्याकडे कलावंत म्हणून कुणी फारसं पाहिलंही नाही. १९९३ मध्ये बर्लिनच्या जर्मन ऐतिहासिक संग्रहालयानं त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं. गंमत म्हणजे ते भरलं त्याच जुन्या शस्त्रागारात, जिथलं त्याचं भिंतीवरचं चित्र युद्धात गेलं होतं.

बर्लिनला गेलात तर त्याचं एक काम तिकिटाच्या रांगेत फार न रखडता पाहता येतं. शहराच्या मधोमध विजयस्तंभ आहे, टोकाला सोनेरी देवता असलेला. त्याच्या बुंध्याच्या गोल ओवरीत आतून रंगीत काचतुकड्यांचं मोठं चित्र आहे, व्हेनिसच्या कारागिरांनी वेर्नरच्या आराखड्यावरून जडवलेलं. फ्रान्सशी युद्ध आणि त्यातून झालेली एकी, हाच विषय. यात कैसरनं स्वतःला मुकुट घेताना दाखवायला नकार दिला म्हणतात, त्यामुळे त्याच्या जागी 'जर्मानिया' ही देवी आली. म्हातारा विल्हेल्म या बाबतीत बराच संकोची होता.

१९१३ मध्ये वेर्नर सत्तर वर्षांचा झाला. त्या वर्षी त्याच्या आठवणींचं पुस्तक आलं, १८७० ते १८९० या काळाचं. सोहळा साधा होता, झटपट आटोपला, हे त्यात आहे. आणि त्याच वर्षी त्यानं तो सोहळा चौथ्यांदा रंगवला, ओडरकाठच्या आपल्या जन्मगावी, एका शाळेच्या सभागृहाच्या भिंतीवर. दीड वर्षात पहिलं महायुद्ध सुरू झालं. ४ जानेवारी १९१५ ला तो बर्लिनमध्ये वारला. व्हर्सायच्या त्याच आरसेमहालात २८ जून १९१९ ला हरलेल्या जर्मनीनं तहावर सही केली, आणि तेव्हा तिथे फोटोग्राफर होते. शाळेच्या भिंतीवरचं ते चौथं चित्रही आता नाही.

भाचीला मी पुस्तकातल्या चित्राखाली पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहून दिलंय, 'कोट निळा होता.' परीक्षेत लिहू नकोस म्हटलं, मार्क जातील.